कुशीवरून जिंकलेला सामना

सर पडले ते नेट बांधताना. मुलींचा सराव सुरू व्हायच्या आत सगळं तयार असावं म्हणून ते एकटेच लवकर मैदानावर गेले, खांबाची गंजलेली कडी ठोकायला स्टुलावर चढले, आणि स्टूल एकीकडे नि सर दुसरीकडे. पाठीचा मणका चिरला. ऑपरेशन चांगलं झालं, पण डॉक्टरीणबाईंनी निक्षून बजावलं, "महिनाभर बसायचं नाही. उशीला टेकून नाही, जेवायला नाही, पाहुणे आले म्हणून तर नाहीच. पाठीवर नाहीतर कुशीवर. आणि दर दोन तासांनी कूस बदलायची, तीही तुम्ही नाही. दोघांनी धरून वळवायचं, ओंडका वळवतात तसं."

हाड मोडल्याचं सरांना एवढं लागलं नाही, जेवढा तो ओंडका लागला.

खरं तर ते निवृत्त झाले होते. पण शाळेतल्या मुलींना व्हॉलीबॉल शिकवता शिकवता अख्खी हयात गेलेला माणूस निवृत्त होतो म्हणजे काय, तर पगार थांबतो. शिट्टी थांबत नाही. त्यांनी क्लबात मुलींचा संघ उभा केला होता आणि त्या संघानं यंदा कधी नव्हे ती अंतिम फेरी गाठली होती. सामना परगावी, तोही महिना पुरा व्हायच्या आत. घरीदारी सगळे त्यांना 'सर'च म्हणत, त्यांची बायकोसुद्धा. 'बाबा' म्हणणारी माणसं जगात दोनच, एक त्यांचा मुलगा आणि दुसरी सूनबाई.

ही गोष्ट त्या सूनबाईची.

लग्न होऊन ती या घरात आली त्याला आता बरेच दिवस झाले होते. सासऱ्यांशी भांडण असं कधी झालं नाही, पण बोलायला विषयही कधी सापडला नाही. सरांचं जग चुन्यानं आखलेल्या चौकोनात मावत होतं आणि सूनबाईला चेंडू समोरून आला की डोळे मिटायची सवय. ती काय काम करते हे सरांना विचारलं तर ते सांगत, "काँप्युटरचं काहीतरी. दिवसभर बोटं आपटते." यात कुचकेपणा नव्हता. त्यांना खरोखरच तेवढंच ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा दारातच तिला सरांचा आवाज ऐकू आला.

"फिरलं! परत फिरलं! अरे, मी सांगितलं का तुला फिर म्हणून?"

तिला वाटलं, कोणी खेळाडू भेटायला आली असेल आणि शिव्या खात असेल. खोलीत जाऊन पाहते तर सर एकटेच. डाव्या कुशीवर, पाठीमागे लोड, आणि समोर हातभर अंतरावर, पांघरुणावर भिरकावलेला मोबाइल.

"शिडीनं व्हिडिओ पाठवलेत," सर म्हणाले. शिडी म्हणजे त्यांची जुनी खेळाडू. दारातून वाकून आत यावं लागेल इतकी उंच, म्हणून शिडी. सर पडल्यापासून संघ तीच सांभाळत होती. "समोरच्या संघाचे आधीचे सामने आहेत. मला ते बघायचेत. पण हा फोन मला बघू देईना. चित्र मोठं करावं तर उभं होतं. उभं झालं की मुंगीएवढं दिसतं. आणि पुन्हा आडवं करायला जावं, तर सामना पहिल्यापासून सुरू! पहिला पॉइंट मी सकाळपासून किती वेळा पाहिला असेल, देवालाच ठाऊक. हे ॲप ज्यानं केलंय ना, त्याला आणून इथं माझ्याशेजारी झोपवलं पाहिजे."

सूनबाईनं फोन उचलला. पडद्यावरचं चिन्ह पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "हे आमचंच आहे."

"आमचं म्हणजे?"

"म्हणजे मी जिथं काम करते ना, तिथं हेच करतो आम्ही. हेच ॲप."

सासूबाई औषधाची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घ्या! काखेत कळसा. आता कोणाला झोपवताय शेजारी?"

सूनबाई कुणी झोपवायची वाट न बघता स्वतःच झोपली. पर्स खांद्यावरून काढून तिनं पलंगाशेजारी जमिनीवर सतरंजी पसरली आणि सरांसारखीच डाव्या कुशीवर आडवी झाली. आधी तिला वाटलं होतं की सरांनी फोनमधलं फिरण्याचं कुलूप, म्हणजे पडदा फिरू न देणारं बटण, लावलं नसेल. ऑफिसात अशी तक्रार आली की सगळे हेच म्हणत. पण कुलूप लावलेलं होतं.

"तुझ्या नवऱ्यानंच लावून दिलंय," सर वरून म्हणाले. "म्हातारा असलो तरी तेवढं कळतं मला."

तिनं बाकीचं सगळं उघडून पाहिलं. फोटो, निरोप, बातम्या. काही फिरेना. मग आपलं ॲप उघडलं, व्हिडिओ लावला, चित्र मोठं करायचं बटण दाबलं आणि फोन डोळ्यांसमोर धरला. चित्र टुणकन उभं झालं. तिच्यासमोर सहा मुली भिंतीवरच्या पालीसारख्या आडव्या धावत होत्या. तिनं मनगट वळवलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि सामना पुन्हा पहिल्या सर्व्हिसपासून सुरू झाला.

फोनला बिचाऱ्याला माणसाचे डोळे कुठं आहेत ते कळत नाही. त्याला जमीन कुठं आहे तेवढं कळतं. माणूस उभा असला, बसला असला, तर दोन्ही एकच. पण माणूस आडवा झाला की फोनच्या मते जे सरळ, ते माणसाच्या दृष्टीनं आडवं. म्हणून तर ते कुलूप असतं. आणि त्यांचं ॲप चित्र मोठं करताना ते कुलूप खुशाल मोडून टाकत होतं.

"कळलं का घोडं कुठं पेंड खातंय?" सरांनी विचारलं.

"कळलं, बाबा," जमिनीवरून उत्तर आलं. "एक नाही, दोन घोडी आहेत."

*

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात सगळ्यांत आधी जुन्या तक्रारी उघडल्या. 'पडदा फिरतो' असं शोधल्यावर जी रांग आली ती पाहून तिला कानकोंडं झालं. लोकांनी परोपरीनं लिहिलं होतं. पाय प्लास्टरमध्ये असलेला एक जण. बाळाला कुशीत घेऊन पाजताना आवाज बंद ठेवून मालिका बघणारी एक आई. कोणी रागावून, कोणी विनवण्या करून, कोणी नुसतंच 'अहो, मी आडवा आहे' असं. आणि प्रत्येकाखाली त्यांच्याकडून एकच ठरीव उत्तर गेलं होतं: कृपया आपल्या फोनमधील फिरण्याचं कुलूप लावा. तक्रार बंद.

तिला आठवलं, त्यातली काही उत्तरं तिच्याच टेबलावरून गेली होती. पण आता हळहळत बसायला वेळ नव्हता. ती तडक साहेबांकडे गेली.

साहेब माणूस सज्जन. पण कुठल्याही प्रश्नावर त्यांच्या तोंडातून पहिला शब्द 'बघू' असाच निघे, म्हणून पाठीमागे त्यांना सगळे बघूसाहेब म्हणत.

"बघू," ते म्हणाले. "पण हे आपल्याकडे येतच नाही ना? फोनचं काम फोननं करावं."

"फोन करतोय, साहेब. आपण करू देत नाही. मोठं करायचं बटण दाबलं की आपण फोनला सांगतो, तुझं कुलूप राहू दे बाजूला, आम्ही म्हणू तसं फिर."

"ते मुद्दाम ठेवलंय. लोक फोन आडवा करतात तेव्हा चित्र आपोआप आडवं व्हायला हवं."

"बसलेले लोक."

"लोक बसूनच बघतात."

"तुम्ही शेवटचा सिनेमा बसून कधी बघितलात?"

साहेब हसले, पण नरमले नाहीत. इतकी कामं पुढं आहेत, हे एका जागी मोडलं तर दहा ठिकाणी गळायला लागेल, दुखण्यापेक्षा इलाज भारी व्हायचा. पुढच्या तिमाहीत बघू. सूनबाई त्यांच्या केबिनमधून बाहेर आली आणि थेट मोडतोडीच्या टेबलाशी गेली.

मोडतोड म्हणजे त्यांच्याकडची तपासनीस. नवीन काही तयार झालं की ते मोडून दाखवायचं हे तिचं काम, आणि ते ती इतक्या आनंदानं करी की नाव चिकटलं ते चिकटलंच.

"आडवी हो," सूनबाई म्हणाली.

"काय?"

"जमिनीवर. डाव्या कुशीवर. फोन घेऊन."

मोडतोडीनं कारण विचारलं नाही. तिनं खुर्ची मागं ढकलली आणि गालिच्यावर अंग टाकलं. सूनबाई तिच्या शेजारी. दोघी टेबलाखाली डोकी घालून, समोर फोन धरून पडल्या. आधी एक जण येऊन विचारून गेला की चक्कर आली का. मग दुसरा आला. त्याला मोडतोड म्हणाली, "आलास तर आडवा हो, आम्हाला माणसं कमी पडतायत." तोही झाला. पडदे फिरायला लागले, सामने पहिल्यापासून सुरू व्हायला लागले आणि टेबलांखालून हसण्याचे नि वैतागाचे आवाज यायला लागले. "अरे, हे भयंकर आहे!" कोणीतरी ओरडलं.

गलका ऐकून साहेब बाहेर आले. समोर अर्धं ऑफिस भुईवर.

"हे काय चाललंय?"

"साहेब," मोडतोड खालूनच म्हणाली, "तक्रार तपासतोय. तुम्ही पण बघा. बघू म्हणाला होतात ना?"

साहेबांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला राग आला असता. साहेबांनी जरा इकडेतिकडे पाहिलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि गुडघ्यांचा कडकड आवाज करत ते खाली बसले, मग आडवे झाले. सूनबाईनं आपला फोन त्यांच्या हातात दिला. चित्र मोठं झालं आणि उभं झालं. त्यांनी फोन वळवला. पडदा काळा झाला. सामना पहिल्यापासून.

साहेबांनी ते एकदा केलं, दोनदा केलं. तिसऱ्यांदा पहिली सर्व्हिस सुरू झाली तेव्हा ते छताकडे बघत म्हणाले, "आणि आपण लोकांना कुलूप लावा म्हणून सांगत होतो?"

"हो."

"किती दिवस लागतील?"

"कुलपाचं लवकर होईल. पण दुसरं जास्त खोल आहे. फोन फिरला की आपण अख्खा पडदा पाडतो आणि नवा उभारतो. व्हिडिओ कुठवर आला होता ते नव्या पडद्याला कोणी सांगतच नाही. तेही केलं पाहिजे."

"कुलूप लागलं तर पडदा फिरणारच नाही. मग दुसरं कशाला?"

"कुलूप उघडं राहिलं तर?" सूनबाई म्हणाली. "माणसाच्या हातून काय, काहीही होतं. दोन्ही करू द्या मला. एक नुसतं केलं तर ते ठिगळ होईल."

साहेब उठताना मोडतोडीचा हात धरून उठले. "करा दोन्ही," ते म्हणाले. "पण सगळ्यांच्या फोनवर पाठवायच्या आधी ते मला कुठंतरी खरोखर टिकलेलं दिसलं पाहिजे. आपल्या या जमिनीवर नाही. कुठल्या तरी खऱ्या आडव्या माणसाकडे."

"माझ्या घरी एक आहे," सूनबाई म्हणाली.

*

पुढचे दिवस तिला कामाशिवाय काही सुचलं नाही. कुलपाचं काम सोपं निघालं. व्हिडिओच्याच पडद्यावर, कोपऱ्यात, अंगठ्याला सहज सापडेल असं एक छोटं कुलूप तिनं बसवलं. ते दाबलं की चित्र जसं असेल तसं थिजायचं, मग माणूस उताणा होवो की पालथा. दुसऱ्या कामानं मात्र तिच्या नाकी नऊ आणले. पडदा पडला तरी व्हिडिओ चालवणारं यंत्र पडायचं नाही, ते मागं आपलं चालूच राहायचं आणि नवा पडदा आला की त्याला जाऊन जोडून घ्यायचं, असं तिला हवं होतं. जोडलं की आवाज यायचा पण चित्र काळं. चित्र आणलं की आवाज दोन-दोनदा. एका ठिकाणी बुजवलं की दुसरीकडे झिरपायचं, आणि मोडतोड रोज नवं भगदाड घेऊन हजर.

रोज संध्याकाळी ती दिवसभरात जे झालं असेल ते सरांच्या फोनमध्ये घाली आणि पलंगाशेजारी सतरंजीवर आडवी होई. सर वापरून बघत आणि निकाल देत. आधी ते नुसतं 'हं' नाहीतर 'नाही' म्हणत. मग बोलायला लागले.

"म्हणजे फिरायला हरकत नाही," एकदा ते म्हणाले, "पण फिरताना मांडलेला डाव मोडता कामा नये. असंच ना?"

"अगदी असंच."

"हे तर मी मुलींना रोज सांगतो. जागा बदला, पण चेंडूवरची नजर हलवू नका. त्यांनाही जमायला अख्खं वर्ष लागलं. तुला किती दिवस झाले?"

"आठवडा."

"मग रडतेस कशाला?"

ती रडत नव्हती, पण त्या दिवशी रडायच्या बेतात होती हे त्यांनी ओळखलं होतं. तिनं वर पाहिलं. सरांचा चेहरा पलंगाच्या काठावरून तिच्याकडे वाकला होता, आणि तिला वाटलं, मैदानावरच्या मुलींना हा चेहरा असा दिसत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आदल्या रात्रीपर्यंत रचलेलं सगळं बाजूला सारलं आणि यंत्र पडद्यात न ठेवता पडद्याच्या बाहेरच ठेवलं. दुपारी मोडतोडीनं फोन गरागरा फिरवला, उलटा केला, उताणा केला, खिशात घालून काढला. सामना चालूच.

"मला काही सापडत नाही," मोडतोड म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य ऑफिसात आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

*

अंतिम सामन्याच्या दुपारी सरांच्या खोलीला मैदानाची कळा आली होती. सामने दाखवणाऱ्या मंडळींनी सगळे सामने याच ॲपवरून थेट दाखवायचं ठरवलं होतं, तेव्हा सरांना दुसरा इलाजही नव्हता. त्यांच्या कानाशी, उशीवर मुलाचा फोन, स्पीकर चालू करून शिडीला लावून दिलेला. असं बोलायला परवानगी आहे ना, हे शिडीनं पंचांना आधीच विचारून ठेवलं होतं. सर उजव्या कुशीवर, डोळ्यांसमोर आडवा फोन, कोपऱ्यातलं कुलूप लावलेलं. मागं उशी धरून मुलगा, पायाशी सासूबाई. सूनबाई तिच्या सतरंजीवर, हातात स्वतःचा फोन.

"पलंगावरून शेळ्या हाकायच्यात आज," सर म्हणाले.

पहिला सेट गेला. नुसता गेला नाही, धुव्वा उडाला. समोरच्या मुली उंच आणि अंगानं दणकट. आपल्या मुलींचे स्मॅश त्यांच्या हातांवर आदळून परत येत होते. शिवाय चित्र खऱ्या खेळाच्या चारदोन सेकंद मागं होतं, त्यामुळं शिडीच्या फोनवरून आरडाओरडा आधी ऐकू येई आणि पॉइंट नंतर दिसे. सूनबाईला ते फार जीवघेणं वाटलं. कोणीतरी ओरडलं हे कळायचं, पण ते आपलं की परकं हे कळेपर्यंत श्वास अडकलेला.

कानाशी शिडी काहीतरी घायकुतीला येऊन विचारत होती. सर पडद्यावरचा एकेक चेंडू बघत होते.

मग दुसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच ते म्हणाले, "थांब. मला अख्खं मैदान दिसतंय."

कॅमेरा वर गॅलरीत लावला होता. शिडी खाली बाकावर, तिला खेळाडूंच्या पाठी दिसत. सरांना चौकोन दिसत होता, चारही कोपऱ्यांसकट, डोळ्यांना सरळ आणि फोनभर मोठा.

"शिडे, ऐक. त्यांची मागची उजवी मुलगी आपण उडी मारली की पुढं सरकते. दर वेळी. तिला वाटतं आपण चेंडू नेटपाशी टाकणार. तिच्या मागचा कोपरा मोकळा राहतो. जोर लावू नका. उंच टाका, लांब टाका, कोपऱ्यात टाका. पुढच्या विश्रांतीला सांग मुलींना."

विश्रांती झाली. पहिला चेंडू उंच गेला, त्या मुलीच्या डोक्यावरून, आणि कोपऱ्यात पडला. आधी शिडीची किंकाळी ऐकू आली, मग सगळ्यांनी तो पडताना पाहिला. सासूबाईंनी टाळी वाजवली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. दुसरा चेंडू तिथंच. मग समोरच्यांनी ती मुलगी मागं खेचली, तेव्हा सर म्हणाले, "आता नेटपाशी." दुसरा सेट आपला. तिसरा, हो-नाही करता करता, त्यांचा. चौथा पुन्हा आपला.

पाचव्या, निकालाच्या सेटमध्ये, दोन्ही बाजू अगदी पॉइंटाला पॉइंट बरोबरीनं चाललेल्या असताना, सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"कूस बदलायची वेळ झाली."

"नंतर," सर म्हणाले.

"नंतर नाही. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय?"

"अगं, निकालाचा सेट आहे!"

"आणि हा निकालाचा मणका आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यावर अपील नव्हतं.

मुलानं खांदे धरले, सासूबाईंनी कंबर. "एक, दोन," म्हणत त्यांनी सरांना हळूच उताणं केलं. सरांनी फोन दोन्ही हातांनी छताकडे धरलेला. चित्र हललं नाही. सूनबाई गुडघ्यांवर उभी राहून नुसती बघत होती. मग डावी कूस. तेवढ्यात सरांना कळ आली, बोटं सैलावली आणि फोन घसरून पांघरुणावर पडला. सासूबाईंनी झडप घालून तो उचलला, आणि त्यांचा अंगठा नेमका कोपऱ्यातल्या कुलपावर पडला.

कुलूप उघडलं. चित्र गर्रकन फिरलं.

सूनबाईच्या मनात आलं, संपलं. पडदा काळा होणार, सामना पहिल्यापासून सुरू होणार, तिथं मुली निकालाचा चेंडू खेळत असणार आणि इथं सर पहिली सर्व्हिस बघत बसणार. पण पडदा काळा झाला नाही. चित्र फिरलं आणि त्याच चित्रात चेंडू हवेतच होता. ज्या मुलीनं तो उडवला होता तिचे पाय अजून जमिनीला टेकले नव्हते. मैदान उभ्याचं आडवं झालं होतं, एवढंच. एक पॉइंट, एक श्वास, काही म्हणजे काही चुकलं नव्हतं.

"दे इकडे," सर म्हणाले. फोन घेतला, डोळ्यांसमोर सरळ केला, अंगठ्यानं कुलूप लावलं आणि कानाशी ठेवलेल्या फोनवर, जसं काही घडलंच नव्हतं अशा आवाजात, बोलायला लागले. "शिडे, त्यांची सेटर दमलीय. ती आता प्रत्येक चेंडू डावीकडेच देणार. दोघी जणी डावीकडे उभ्या करा. दोघी. माझ्यावर भरवसा ठेव."

शिडीनं ठेवला. चेंडू डावीकडेच आला. समोरच्या दणकट मुलीनं हात पूर्ण मागं नेऊन जिवाच्या आकांतानं तो मारला आणि नेटवर चार हात एकदम वर आले. शिडीच्या फोनवरून जो कल्लोळ उठला तो ऐकून खोलीतले सगळे थिजले, कारण तो आनंदाचा की दुःखाचा हे अजून दिसायचं होतं. मग दिसलं. चेंडू त्या चार हातांवर आपटून सरळ खाली, त्यांच्याच पायाशी पडला. सेट आपला, सामना आपला.

सूनबाई किंचाळली. सतरंजीवरून उठून तिनं नवऱ्याला मिठी मारली, मग सासूबाईंना. सरांना मारता येईना म्हणून त्यांचे पाय धरले आणि पांघरुणासकट गदागदा हलवले.

"हळू! ओंडका आहे मी!" सर ओरडले. ते हसत होते. हसताना पाठीत कळ जात होती आणि तरी हसत होते.

तिच्या स्वतःच्या फोनवर साहेबांचा निरोप आला होता. तेही आपल्या घरी सोफ्यावर आडवे पडून हाच सामना बघत होते आणि त्यांनी दोन्ही कुशी वापरून पाहिल्या होत्या. निरोप एका ओळीचा होता. 'उद्याच सगळ्यांना देऊन टाका.'

पुढं ते सगळ्यांच्या फोनवर गेलं. तक्रारींच्या त्या जुन्या रांगेतल्या प्रत्येकाला तिनं आणि मोडतोडीनं मिळून नवं उत्तर पाठवलं, ठरीव नव्हे, एकेकाला वेगळं. पण तो दिवस नंतरचा. त्या दुपारी एवढंच झालं की शिडीनं तिच्या फोनचा कॅमेरा लावला आणि सगळा संघ धापा टाकत, घामानं निथळत त्यात घुसला. आनंदाच्या भरात शिडीनं फोन उलटा धरला होता, त्यामुळं सरांना सगळ्या मुली वटवाघळांसारख्या छताला लटकलेल्या दिसल्या, हातात उलटा चषक.

"सूनबाई, हे काय झालं गं?"

"तिनं फोनच उलटा धरलाय, बाबा. याला माझ्याकडे औषध नाही."

"असू दे," सर म्हणाले. "तशाही छान दिसतात. ये, इकडे ये, या फोनसमोर ये. मुलींनो, ऐका! मी आज जे काही बघितलं ना, ते हिच्यामुळं. ही माझी सून. ही ते ॲप करते." जरा थांबून, आवाजात सगळी शिट्टी आणून त्यांनी जोडलं, "आणि ती नुसती बोटं आपटत नाही!"

तिकडून मुलींनी एका सुरात आरोळी ठोकली. चांगला पॉइंट मिळाला की त्या एकमेकींसाठी ठोकायच्या तीच. सूनबाई ओल्या डोळ्यांनी फोनसमोर वाकली आणि छताला लटकलेल्या त्या बारा जणींना तिनं हात हलवून दाखवला.